देवनागरीतलं एक पान

हैदराबादला महिनाभर राहून आले म्हटलं की आमच्या सांगलीत दोन प्रश्न ठरलेले. बिर्याणी खाल्ली का, आणि मोती आणले का. मी तिथं नक्की काय करत होते, हे आजवर एकानंही विचारलेलं नाही. विचारलं असतं तरी सांगितलं नसतं, कारण त्यात माझी चांगलीच जिरलेली आहे. पण आता दोन महिने झाले. जिरलेलं पचलंही. त्यात कॉलेजच्या वार्षिक अंकाच्या संपादकांनी 'परप्रांतातील मराठी अध्यापन: एक अनुभव' असं काहीतरी भारदस्त मागितलंय. घ्या, लिहिते. भारदस्त होईल याची हमी नाही.

महाराष्ट्राबाहेरच्या विद्यापीठांत मराठी साहित्य शिकवायला महिन्यापुरता पाहुणा प्राध्यापक पाठवायची एक योजना आहे. शिकवायचं, पेपर काढायचा, तपासायचा आणि परत यायचं. तिच्यात माझा नंबर लागला. कॉलेजनं निरोप समारंभ केला. शाल, नारळ, आणि नारळापेक्षा टणक असं प्राचार्यांचं भाषण. "माने मॅडम मराठीचा झेंडा साता समुद्रापार नेत आहेत," असं ते म्हणाले. सांगलीहून हैदराबादला जाताना वाटेत भीमा लागते, समुद्र एकही लागत नाही, पण टाळ्या पडल्या आणि मीही मान तुकवली. स्टाफरूममध्ये एकीनं काळजीनं विचारलं, "तिथं दूध मिळतं ना गं?" मी गंभीर चेहऱ्यानं म्हटलं, "बघू."

सामानात तीन किलो भडंग होता आणि माझी नोट्सची वही होती. ही वही बावीस वर्षांची. दरवर्षी तीच वही, तेच मुद्दे, त्याच जागी स्वल्पविराम. पोरं बदलतात, वही बदलत नाही. मला तिचा अभिमान होता हो! खोटं कशाला बोलू?

विद्यानगर

विद्यापीठाच्या अतिथीगृहात माझ्या नावाची खोली होती, आणि त्या खोलीत व्हॉलीबॉलची टीम होती. सहा फुटी चार पोरी पलंगावर आडव्या पसरल्या होत्या. मॅनेजर म्हणाला, "अॅडजस्ट होना मॅडम, मॅच है." मराठीचा झेंडा बॅगेसकट कॉरिडॉरमध्ये उभा.

तिथून मला सोडवलं मंदाताईंनी. मंदाताई म्हणजे तिथला अख्खा मराठी विभाग. विभागप्रमुख त्या, प्राध्यापक त्या, आणि शिपाई रजेवर असला की घंटाही त्याच देतात. साठीला टेकलेल्या, बारीक अंगाच्या, कानात हिऱ्याच्या कुड्या. "चला शैलाताई, घरी चला माझ्या. मी एकटीच असते," म्हणाल्या आणि माझी बॅग उचलून चालायलाही लागल्या.

विभाग म्हणजे एक खोली. दोन कपाटं, एक पंखा, आणि दारात टेबल टाकून बसलेले ऑफिस सुपरिंटेंडंट नरसिंहराव. तेलुगू माणूस, कपाळाला उभं गंध, समोर फायलींची चळत. मराठीचा एक शब्द कळत नाही आणि वीस वर्षं मराठी विभागाचा कारभार बघतायत. माझ्याशी ते इथल्या दखनी हिंदीत बोलायचे आणि आदरानं प्रत्येक वाक्याला 'गारू' लावायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी एक पत्र माझ्यापुढं सरकवलं.

"मॅडमगारू, ऊपर से लेटर आया. छे बच्चे पास होना. पाच हुए तो ये पेपर बंद, नेक्स्ट इयर से."

"और कितने बच्चे हैं?"

"छे."

मी मंदाताईंकडं बघितलं. त्या खिडकीतल्या कुंडीत पाणी घालत होत्या. तीस वर्षं शिकवलेला पेपर बंद होणार की राहणार, ते सहा पोरांवर आणि आता माझ्यावर होतं. मला वाटलं, सहाच तर आहेत, त्यात काय!

वर्गात गेले आणि मराठीच्या थोरवीवर चाळीस मिनिटं बोलले. सांगलीत या भाषणाला मागच्या बाकावरची पोरंसुद्धा गप्प बसतात. इथंही सहाजण गप्प बसले. शेवटी पहिल्या बाकावरच्या मुलीनं हात वर केला. स्वरूपा तिचं नाव. लांब वेणी, मोठे डोळे, बापाचं कोठीच्या बाजारात भांड्यांचं दुकान.

"मॅडम, जरा हल्लू बोला ना," ती म्हणाली. "तुमचं मराठी एकदम छापल्यासारखं येतंय. आम्हाला पकडता येत नाही."

वर्गात हशा. मीही हसले, दात दाखवण्यापुरती. मग म्हटलं वाचून बघू या, आणि एकेकाला धडा वाचायला उभं केलं. अरे देवा! अक्षर अक्षर लावत चालले होते. घरात मराठी, शाळा तेलुगूत; बोलायला पटापटा, वाचायला मात्र पहिली-दुसरीतली पोरं. स्वरूपा त्यात शेवटून पहिली.

"शाळेत हिंदी नव्हतं का?"

"होतं की. पास होण्यापुरतं. मग इंटरला, अकरावी-बारावीला, संस्कृत घेतलं."

"संस्कृत? मग तर देवनागरी पक्की पाहिजे!"

"नाही मॅडम," ती मला समजावायला लागली, "संस्कृत तेलुगू अक्षरात लिहिलं. इथं चलतंय. सगळे तसंच लिहितेत. मार्क पण छान पडतेत."

संस्कृत, आणि तेलुगू अक्षरात! मी कपाळाला हात लावला. लिपी म्हणजे भाषेचा आत्मा की काय असं बरंच बोलले, आणि शेवटी टेबलावर हात आपटून जाहीर केलं की परीक्षेत एक अक्षर वेगळं दिसलं तर पेपर तपासणार नाही. नुसतं बोलून थांबले असते तरी चाललं असतं. पण मी पडले माने. दुपारी प्रश्नपत्रिकेचा कच्चा कागद काढला आणि त्याच्या डोक्यावर स्वतःच्या हातानं एक ओळ घातली: 'उत्तरे देवनागरी लिपीतच लिहावीत, अन्यथा ग्राह्य धरली जाणार नाहीत.'

मंदाताईंनी ती वाचली. "असू द्या ना शैलाताई. ही ओळ आजवर कधी नव्हती."

"म्हणूनच ही अवस्था झालीय," मी म्हटलं.

त्यांनी कागद घडी करून नरसिंहरावांकडं दिला. तो छापायला गेला.

चिक्कडपल्ली

मंदाताईंचा फ्लॅट चिक्कडपल्लीत, खाली भाजीवाले आणि वर देवळाची घंटा. त्यांचे सासरे वकील, आजेसासरे निजामाच्या कचेरीत. भिंतीवर दोघांचे फोटो. त्याखाली कपाटात उर्दू कागदपत्रांची बाडं, जी आता घरात कुणाला वाचता येत नाहीत. बाई सकाळी दूधवाल्याशी तेलुगू, वॉचमनशी दखनी आणि देवाशी मराठी बोलतात. एकदा फोनवर तिन्ही भाषा एका वाक्यात ऐकल्या. मी कान टवकारून बसले होते, चूक काढायला. पण पलीकडच्याला सगळं कळत होतं, मग माझी काय अडचण?

जेवणाचं मात्र सांगितलंच पाहिजे. पहिल्या दिवशी पानात वरण आलं ते आंबट. मला वाटलं नासलंय. उगीच कशाला वाईटपणा म्हणून गिळलं. दुसऱ्या दिवशी आमटी आंबट, तिसऱ्या दिवशी भाजी आंबट. चौथ्या दिवशी गोंगुरा नावाच्या पाल्याची चटणी आली. भातात तूप घालून पहिला घास घेतला आणि डोळ्यांतून पाणी आलं, तिखटानं की सुखानं ते सांगता येत नाही. आमच्या अंबाडीचीच ही बहीण. पण आमच्याकडं तिला कण्या घालून गप्प बसवतात, इथं तिला बोलू देतात. मी तीनदा भात घेतला. माझ्या भडंगाचं काय झालं म्हणाल, तर मंदाताईंनी प्रेमानं चाखला आणि म्हणाल्या, "छान आहे. पण जरा चिंच पाहिजे होती."

एकदा चहा पिताना मी विचारलं, "पेपर बंद झाला तर तुम्ही काय करणार?"

"दोन वर्षांनी मी रिटायर होते. मला काही होत नाही," त्या म्हणाल्या. मग कपातला चहा उगीच ढवळत राहिल्या. "पण माझ्यानंतर त्या खोलीत दुसरा कुठला तरी विभाग येईल हो. कपाटं बाहेर ठेवतील. मला नाही बघवायचं ते."

एवढंच बोलल्या. पोरांना जरा सांभाळून घ्या, असं म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या असत्या तर मला चिडता आलं असतं.

गोष्ट

दुसऱ्या आठवड्यात मी एक ग्रामीण कथा शिकवायला घेतली. कथा साधी आहे. एका म्हाताऱ्याची गाय मरते. तिच्या गळ्यातली घंटा घेऊन तो बाजाराला जातो, विकायला. दर बाजाराला जातो. गिऱ्हाईक येतं, घंटा हातात घेतं, वाजवतं, गाय कशी होती विचारतं. म्हातारा भाव सांगतो आणि गिऱ्हाईक हसून निघून जातं, कारण त्या भावात आणखी एक गाय आली असती. संध्याकाळी म्हातारा घंटा घेऊन घरी. संपली गोष्ट.

माझ्या वहीत या कथेवर सव्वा पान आहे. ते मी जसंच्या तसं सांगितलं: 'सदर कथेतून लेखकाने ग्रामीण अर्थव्यवस्थेचे विदारक दर्शन घडविले असून, म्हाताऱ्याच्या अवाजवी लोभामुळे त्याच्या वाट्याला येणारी निराशा प्रभावीपणे चित्रित केली आहे.'

पोरं लिहून घेत होती. स्वरूपाचं पेन थांबलं.

"मॅडम, तो हावरट कसा? दर बाजाराला जातोय, दर वेळी परत येतोय. हावरट माणूस एकदा तरी विकून टाकेल ना?"

बावीस वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. अशा वेळी अनुभवी शिक्षक जे करतो ते मी केलं.

"तो परीक्षेचा मुद्दा नाही," म्हटलं. "लिहून घे."

तिनं मान खाली घातली आणि लिहून घेतलं.

कोठी

रविवारी कोठीला गेले. ही बाजारपेठ म्हणजे डॉक्टर, पुस्तकं, स्टीलचे डबे आणि साड्या सगळं एकमेकांच्या मांडीवर बसलेलं. रस्ता ओलांडायला मी दहा मिनिटं उभी. शेवटी एका बुरख्यातल्या बाईंनी माझा हात धरला, "चलो अम्मा, ये लोगां रुकते नहीं," म्हणाल्या आणि गाड्यांना हातानं थोपवत पलीकडं नेऊन सोडलं. आमच्याकडं ओळखीचा माणूससुद्धा आधी 'कुठं निघालात' विचारतो आणि मग हात धरायचं विसरतो.

स्वरूपाच्या वडिलांचं दुकान लगेच सापडलं. स्टील, अॅल्युमिनियम, कुकरच्या शिट्ट्या, आणि या सगळ्यांच्या वर फळीवर एक पितळी पानदान. काय सुरेख वस्तू! जाळीचं झाकण, आत छोट्या छोट्या डब्या, घासूनपुसून लखलखीत. माझा जीवच गेला त्याच्यावर.

"केवढ्याला?"

त्यांनी भाव सांगितला. त्या पैशात शिवणयंत्र आलं असतं.

आता बाजारात भाव पाडणं हा माझा प्रांत. सांगलीच्या मंडईत मला बघून भाजीवाल्या आधीच उसासा टाकतात. मी पदर खोचला. अर्ध्यावरून सुरुवात केली. त्यांनी चहा मागवला. मी उठल्यासारखं केलं, त्यांनी बिस्किटं मागवली. "बसा मॅडम. हे आमच्या मायचं आहे. बिदरहून लग्न करून आली तेव्हा बरोबर आणलेलं. दुपारी इथंच गल्ल्यावर बसायची, पान लावायची, येणाऱ्या प्रत्येकाला एक. पान खाल्लेलं गिऱ्हाईक रिकाम्या हातानं जात नव्हतं." मी मनात म्हटलं, वा रे वा, गोष्ट सांगून भाव चढवतोय! अर्धा तास घासाघीस झाली. ते एक पैसा खाली आले नाहीत. उलट निघताना हात जोडून म्हणाले, "पुन्हा या मॅडम, छान वाटलं."

मी तणतणत परत आले. मंदाताईंना म्हटलं, "तुमचे हैदराबादी व्यापारी म्हणजे महालबाड!" त्या हसल्या आणि म्हणाल्या, "ते पानदान? ते तर मी नोकरीला लागल्यापासून तिथंच आहे."

परीक्षा

पेपर तीन तासांचा. पोरांनी प्रश्नपत्रिका घेतली, डोक्यावरची माझी ओळ वाचली आणि सहाही जणांनी एकदम माझ्याकडं बघितलं. मी खिडकीकडं बघितलं.

स्वरूपा पहिलं पान लिहीत होती. लिहीत कसली, कोरत होती. एक अक्षर, मग वर रेघ, मग थांबून बघायचं. जीभ ओठाच्या कोपऱ्यात. चाळीस मिनिटांनी मी तिच्या बाकाजवळून गेले, तर अजून पहिलंच पान. तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं आणि कपाळावरचा घाम पुसला. पाच पास झाले तर पेपर बंद, हे तिलाही ठाऊक होतं. अख्ख्या विभागाला ठाऊक होतं.

तासाभरानं पुन्हा बघितलं तर पोरगी सुटलेली! पेन झरझर चाललेलं, पानांमागून पानं, मान वर नाही. बरोबरची पोरं पुरवणी मागायला उठली, तिनं नुसता हात वर केला. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. बघा, म्हटलं, कडक राहिलं की होतं. त्या आनंदात मी नरसिंहरावांनी आणलेल्या उस्मानिया बिस्किटांपैकी चार खाल्ली.

घंटा झाली. पेपर देताना स्वरूपा माझ्याकडं बघेना. "सॉरी मॅडम," पुटपुटली आणि पळाली.

पान उलटलं. पहिलं पान देवनागरी. दुसऱ्या पानावर तीन ओळी देवनागरी. चौथ्या ओळीपासून सगळी गोल गोल तेलुगू अक्षरं, शेवटच्या पानापर्यंत. हात घाईला आला आणि सवयीच्या वाटेनं पळाला. मध्येच थांबून तिच्या लक्षात आलं असणार, पण तेव्हा परत फिरायला वेळ नव्हता.

मी विभागातच बसून सगळे पेपर तपासले. बाकीचे पाच पास झाले, एकदोघं मंदाताईंच्या पुण्याईनं. स्वरूपाच्या पहिल्या पानाला मी दहापैकी सात दिले. माझी वहीच होती ती, स्वल्पविरामासकट. पास व्हायला वीस लागत होते. उरलेली अकरा पानं माझ्यासमोर पडली होती आणि त्या तीन ओळी सोडल्या तर मला त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं. मराठीची प्राध्यापक मी, बावीस वर्षांची नोकरी, आणि मराठी पेपरसमोर अंगठाछाप!

फार राग आला. तिचा, त्या संस्कृतवाल्यांचा, आणि सर्वांत जास्त माझा, हे मला मान्य करायला वेळ लागला. तेवढ्यात मोबाइल वाजला. बंगलोरहून माझ्या चिरंजिवांचा मेसेज. 'आई जेवलीस का', इंग्रजी अक्षरांत. तो कायम असाच लिहितो, आणि मी कायम खाली एक हसरा चेहरा पाठवते. आजवर त्याला कधी म्हटलं नाही की लिपी हा भाषेचा आत्मा आहे, तुझा मेसेज ग्राह्य धरला जाणार नाही.

फोन पालथा ठेवला आणि मंदाताईंना हाक मारली. "तुम्हाला तेलुगू वाचता येतं. वाचून दाखवा."

त्यांनी कागदाला हातसुद्धा लावला नाही. "मी नाही वाचायची शैलाताई. माझा विभाग, माझी विद्यार्थिनी. उद्या कुणी म्हणेल, बाईंनी सुधारून वाचलं." मग दाराकडं बोट केलं. "ज्याला काही कळत नाही त्याच्याकडून वाचून घ्या. तोच खरं वाचेल."

नरसिंहरावांनी चष्मा पुसला, खुर्ची ओढली आणि वाचायला सुरुवात केली. हळूहळू, शब्दाच्या शेवटाला जरा ओढून, पूजेची पोथी वाचावी तसं. पहिली दोन वाक्यं मला कळलीच नाहीत. मग कान लागला.

"म्हातारा हावरट नाही. माझ्या बाबांच्या दुकानात एक पानदान आहे. ते विकायचं नाही म्हणून बाबा भाव एवढा सांगतात की कुणी घेऊ नये. मग मी विचारलं, विकायचं नाही तर आत ठेवा ना, वर का ठेवता. बाबा म्हणाले, आत ठेवलं तर मायबद्दल कोण विचारणार?"

नरसिंहराव थुंकी लावून पान उलटत होते. "मॅडमगारू, स्पीड ठीक है?"

"ठीक है. पढ़ो."

"म्हातारा घंटा विकायला जात नाही. गाय कशी होती हे कुणीतरी विचारावं म्हणून जातो. घरी आता विचारणारं कोण आहे? बाजारात भाव करताना लोक थांबतात, घंटा वाजवतात. तेवढा वेळ गाय असते. परवा एक मॅडम आमच्या दुकानात आल्या. अर्धा तास भाव केला. रागावून गेल्या. पण त्या दिवशी बाबांनी रात्री दोन पोळ्या जास्त खाल्ल्या."

मी पदर तोंडाला लावला. मंदाताई कुंडीत पाणी घालत होत्या. कुंडी कधीच भरली होती, पाणी खाली टेबलावर येत होतं. रडू आलं हो मला, सरळ सांगते. बावीस वर्षं मी त्या बिचाऱ्या म्हाताऱ्याला लोभी म्हणत आले, हजारभर पोरांकडून तसं लिहून घेतलं, आणि त्याला मार्क दिले. तो मला आज भेटला, एका मराठी न येणाऱ्या माणसाच्या तोंडून.

अकरा पानं वाचून झाली. नरसिंहरावांनी चष्मा काढला आणि जरा दबकत विचारलं, "मॅडमगारू, थोडा थोडा समझा. वो बुड्ढा आखिर में घंटी बेचा क्या?"

"नहीं बेचा."

"अच्छा किया," ते म्हणाले.

तिचे एकोणचाळीस झाले. पण माझी ती ओळ छापील प्रश्नपत्रिकेवर बसलेलीच होती. नरसिंहरावांनी नियम सांगितला: परीक्षकानं घातलेली अट परीक्षकच मागं घेऊ शकतो, मात्र कारण लेखी पाहिजे. "रीज़न लिखना पड़ता." मी पांढरा कागद घेतला. भाषिक वास्तव, बहुभाषिक परिसर, असले शब्द पेनाच्या टोकापर्यंत आले होते. ते सगळे गिळले आणि लिहिलं: 'कारण: परीक्षकाची चूक.' खाली सही.

नरसिंहरावांनी कागद उलटसुलट बघितला. "मेरे कू नहीं आता. पढ़के सुनाओ मॅडमगारू."

वाचून दाखवलं. मोठ्यानं. त्यांनी मान डोलावली आणि शिक्का मारला. सहा पास. मंदाताईंनी दोन्ही कपाटांना उगीचच कुलूप लावून बघितलं आणि पुन्हा उघडलं.

पुन्हा कोठी

निघायच्या आदल्या दिवशी दुकानात गेले. स्वरूपा गल्ल्यावर होती, मला बघून उभी राहिली. मी फळीकडं बोट करून तिच्या वडिलांना विचारलं, "ते पानदान केवढ्याला?"

त्यांनी भाव सांगितला. मागच्यापेक्षा चढा! मीही हटले नाही, पदर खोचला. चहा आला, बिस्किटं आली. मी विचारलं, तुमच्या माय कात कसला घालायच्या, सुपारी कातरायच्या की फोडायच्या, गिऱ्हाइकांना नावानं ओळखायच्या का. ते सांगत राहिले. त्यांनी पानदान फळीवरून काढून माझ्या हातात दिलं, चुन्याची डबी उघडून दाखवली. आत अजून पांढरा डाग होता. तासभर भाव केला आणि रिकाम्या हातानं निघाले.

स्वरूपा रिक्षापर्यंत आली. रिक्षावाल्याशी माझ्या वतीनं भांडली, बॅग आत ठेवली, तरी जाईना.

"मॅडम, एक विचारू? पहिल्या पानाला किती दिले? ते मी देवनागरीत लिहिलं होतं. लई मेहनत केली होती."

"कागदावर सात आहेत," मी म्हटलं. "खरं विचारशील तर लायकी दोनाची."

तिचं तोंड एवढंसं झालं. "पण मॅडम, ते तर पूरं तुमचंच होतं."

"म्हणून तर," मी म्हटलं.